बंधाऱ्याचे टोक, बोगद्याचे तोंड : क्वाटर्नियन विश्लेषण आणि सीमामूल्य प्रश्न

कल्याणजवळ मोहने येथे उल्हास नदीवर बंधारा आहे. असा कुठलाही बंधारा घातला की एका अंगाला पाणी तुंबते, दुसऱ्या अंगाला पातळी खाली राहते. पायाखालचा थर पाझरणारा असेल तर वरचे पाणी जमिनीतून वाट काढत खालच्या अंगाला निघू पाहते. हे पाणी बांधकामाला कुठे किती दाबाने उचलेल आणि बाहेर पडताना मातीचे कण सोबत नेईल का, हे आधी कळले नाही तर पाया पोखरला जातो. गणितात या प्रश्नाची मांडणी थोडक्यात होते. जमिनीच्या आत सर्वत्र लाप्लासचे समीकरण लागू. कडांवर अटी दिलेल्या : नदीच्या तळाशी पाण्याचा दाब माहीत, काँक्रीटच्या तळातून आरपार प्रवाह शून्य. कडेवर जे माहीत आहे त्यावरून आतले सगळे ठरवायचे. यालाच सीमामूल्य प्रश्न म्हणतात.

भारतात स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न खोसला यांच्या नावाने सोडवलेला असतो. ब्लाय यांचा जुना नियम सांगत होता की पाणी पायाच्या कडेकडेने सरपटते आणि जितके अंतर जाईल तितका त्याचा दाब सारख्या प्रमाणात उतरतो. १९२६-२७ मध्ये पंजाबातल्या अप्पर चिनाब कालव्याच्या सायफनांखाली मोजमापे घेतली तेव्हा हा नियम जुळेना. अयोध्यानाथ खोसला, एन. के. बोस आणि मॅकेंझी टेलर यांनी १९३६ मध्ये पाझरत्या जमिनीवरच्या बंधाऱ्यांचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ब्लाय यांच्या नियमाची जागा लाप्लासच्या समीकरणाने घेतली. खालच्या टोकाला शीट पाइल, म्हणजे जमिनीत उभी ठोकलेली पत्र्यांची भिंत, नसेल तर बाहेर पडणाऱ्या पाण्याचा दाब-उतार सैद्धांतिकदृष्ट्या अनंत होतो, म्हणून तिथे शीट पाइल हवाच, हा त्यातला निष्कर्ष गणिताने अभियंत्याचा हात धरल्याचे उत्तम उदाहरण आहे.

हे जमले कारण बंधारा लांब असतो. पात्राच्या मध्यावर कुठेही छेद घ्या, चित्र तेच राहते. तिसरी मिती सोडून देता येते आणि संमिश्र संख्या हाताशी येतात. वैश्लेषिक फलनाचा वास्तव भाग आणि काल्पनिक भाग दोन्ही लाप्लासचे समीकरण आपोआप पाळतात. शिवाय कोन राखणाऱ्या रूपांतराने वेडावाकडा छेद सरळ अर्ध्या प्रतलात उलगडता येतो, तिथे प्रश्न सोपा करून उत्तर परत मूळ आकारात आणता येते. श्वार्झ-क्रिस्टोफेल रूपांतर ते याच कामाचे.

पण बंधारा काठाला जिथे टेकतो तिथे पाणी फक्त खालून जात नाही, बाजूने वळसाही घालते. तिथे दोन छेद सारखे नसतात. तिसरी मिती खरी होते आणि संमिश्र संख्यांचे राज्य संपते.

बोगद्यांचेही असेच आहे. ठाण्याहून डोंबिवली-कल्याणकडे जाणारी जलद लोकल २०२२ पर्यंत ज्या पारसिक बोगद्यातून जायची तो १९१६ मध्ये सुरू झाला. लांबी सुमारे १.३ किलोमीटर. एवढ्या लांब बोगद्याच्या मध्यावर खडकातला ताण द्विमितीय मानता येतो. किर्श यांनी १८९८ मध्ये दाखवले होते की एका दिशेने दाबलेल्या पटलात गोल भोक पाडले तर त्याच्या कडेला ताण मूळ ताणाच्या तिप्पट होतो. कोलोसोव्ह यांनी १९०९ मध्ये आणि पुढे मुस्खेलिश्विली यांनी १९३३ च्या ग्रंथात द्विमितीय स्थितिस्थापकतेचा सगळा संसार दोन वैश्लेषिक फलनांवर उभा केला. मात्र बोगद्याच्या तोंडाशी, म्हणजे जिथे खोदकाम चालू असते त्या टोकाला, हे चित्र लागू पडत नाही. खडकात बोगद्याऐवजी गोल पोकळी असेल तर तिथला सर्वाधिक ताण मूळ ताणाच्या सुमारे दुप्पटच असतो. तीन आणि दोन यांतला हा फरक तिसऱ्या मितीचा आहे. खोदकामाचे तोंड एखाद्या छेदापाशी पोहोचेपर्यंत तिथल्या खडकाच्या अंतिम सरकण्यातला पाव ते एक तृतीयांश भाग आधीच घडून गेलेला असतो, आणि तोंडाचा परिणाम मागे साधारण दीड-दोन व्यासांपर्यंत जाणवतो. आधार कधी बसवायचा हे यावर ठरते.

ठाणे परिसरात हा प्रश्न आज फार जवळचा आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा बोगदा सुमारे ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून जातो. त्यातला शिळफाट्याकडचा सुमारे ५ किलोमीटरचा भाग नव्या ऑस्ट्रियन पद्धतीने खोदायचे ठरले, आणि त्यासाठी घणसोलीजवळ ३९४ मीटरचा जोडबोगदा काढला गेला. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्यांची लांबी सव्वादहा किलोमीटर, तीही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराखालून. जोडबोगदा मुख्य बोगद्याला मिळतो ती जागा किंवा जुळ्या बोगद्यांना जोडणारा आडवा मार्ग, अशा ठिकाणी द्विमितीय छेद काढून भागत नाही. तेव्हा विचारायचे ते असे : संमिश्र विश्लेषणाने प्रतलात जे काम केले ते अवकाशात कोण करील?

या प्रश्नाला एक वारसदार आहे, क्वाटर्नियन विश्लेषण. माझ्या मते तो खरा वारसदार आहे. मात्र वारसा त्याच्याकडे अर्धाच आला. कोणता अर्धा आला आणि कोणता राहिला, हे नीट पाहिले की या क्षेत्रातली शंभर वर्षांची धडपड समजते.

क्वाटर्नियन म्हणजे एक वास्तव घटक आणि तीन काल्पनिक घटक असलेली संख्या. डब्लिनच्या रॉयल कॅनॉलवरच्या ब्रूम पुलाजवळ १६ ऑक्टोबर १८४३ रोजी हॅमिल्टन यांना तिचे नियम सुचले. तिन्ही काल्पनिक एककांचा प्रत्येकी वर्ग उणे एक, आणि त्यांचा क्रमाने गुणाकारही उणे एक. दोन वेगवेगळ्या एककांची जागा गुणाकारात बदलली की चिन्ह बदलते. आपल्याकडे एम.एस्सी.च्या वर्गात क्वाटर्नियन भेटतात ते आठ घटकांच्या अक्रमनिरपेक्ष गटाचे उदाहरण म्हणून, आणि त्या वर्गाबाहेर ते क्वचितच येतात. संगणक-चित्रांत आणि उपग्रहाची दिशा सांभाळताना त्यांचा वापर होतो, पण तो फिरवण्यापुरता. त्यांच्यावर विकलन करता येते, आणि त्यातून लाप्लासचे समीकरण अक्षरशः दोन भागांत फुटते, ही गोष्ट बहुतेक विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतच नाही. याची मला खंत वाटते, कारण ही युक्ती पदवीच्या विद्यार्थ्यालाही कळेल इतकी सरळ आहे.

तिन्ही दिशांची आंशिक विकलने घ्या, प्रत्येकाला एकेक काल्पनिक एकक जोडा आणि बेरीज करा. या ऑपरेटरला आपण ‘ड’ म्हणू. तो दोनदा लावला की एककांचे वर्ग उणे एक होतात आणि मिश्र पदे चिन्हबदलामुळे एकमेकांना खोडतात. हाती उरतो उणे लाप्लासियन. दुसऱ्या कोटीचे समीकरण असे पहिल्या कोटीच्या एकाच ऑपरेटरच्या दोन पायऱ्यांत उतरते. डिरॅक यांनी १९२८ मध्ये इलेक्ट्रॉनसाठी अशाच प्रकारचे वर्गमूळ काढले होते, म्हणून याला डिरॅक ऑपरेटर म्हणतात. ‘ड’ लावल्यावर ज्यांचे शून्य होते ती फलने नियमित म्हणायची. प्रतलातल्या वैश्लेषिक फलनांची जागा अवकाशात यांची.

ही केवळ अमूर्त करामत नाही. क्वाटर्नियन फलनाचा वास्तव भाग शून्य असेल तर ते एक सदिश क्षेत्र असते, आणि ‘ड’ने शून्य होणे याचा अर्थ त्याचा डायव्हर्जन्स शून्य आणि कर्लही शून्य. सारख्या पोताच्या जमिनीत पाझरणाऱ्या पाण्याचा वेग डार्सीच्या नियमाप्रमाणे नेमका असाच असतो. म्हणजे बंधाऱ्याच्या टोकाला वळसा घालणारे पाणी हे स्वतःच एक नियमित क्वाटर्नियन फलन आहे. त्यासाठी नवे काही गृहीत धरावे लागत नाही. ही समीकरणप्रणाली मोइसिल आणि तिओदोरेस्कू या रोमानियन गणितज्ञांनी १९३१ मध्ये मांडली. त्याच दशकात झुरिकमध्ये रुडॉल्फ फ्युटर यांनी चार चलांच्या क्वाटर्नियन फलनांचा सिद्धांत उभारला. त्यांच्या १९३५ च्या लेखाच्या शीर्षकातच लाप्लासचे समीकरण आहे.

यातून मिळते काय? पहिली मिळकत म्हणजे कोशीचे सूत्र. नियमित फलनाची पृष्ठावरची किंमत माहीत असली की आतली किंमत पृष्ठावरच्या संकलनाने मिळते. त्या संकलनात बसणारे केंद्रक व्यस्तवर्गाच्या नियमाचे असते, म्हणजे न्यूटनच्या गुरुत्वाचे आणि कूलोमच्या विद्युतबलाचे तेच क्षेत्र. तेच केंद्रक घेऊन संपूर्ण आकारमानावर संकलन केले की तिओदोरेस्कू ऑपरेटर मिळतो; त्याला ‘त’ म्हणू. ‘त’ हा ‘ड’चा उजव्या बाजूचा व्यस्त आहे : आधी ‘त’ लावून मग ‘ड’ लावला की मूळ फलन परत येते. उलट क्रमाने लावले तर पृष्ठावरचे कोशी-संकलन तेवढे वेगळे उरते. बोरेल-पोंपेयू सूत्र म्हणतात ते हेच.

दुसरी मिळकत अधिक खोल आहे. एखाद्या क्षेत्रातले वर्गसंकलनीय फलन दोन लंब भागांत एकाच रीतीने फोडता येते. एक भाग नियमित असतो. दुसरा भाग म्हणजे कडेवर शून्य असलेल्या कुठल्या तरी फलनावर ‘ड’ लावून मिळालेले फलन. पहिल्या भागावर प्रक्षेप करणाऱ्याला ‘प’ आणि दुसऱ्यावर करणाऱ्याला ‘क’ म्हणू. आता कडेवर शून्य किंमत असलेला प्वासाँचा प्रश्न घ्या : उणे लाप्लासियन लावून दिलेला भार यावा. उत्तर एका ओळीत येते. भारावर आधी ‘त’, मग ‘क’, मग पुन्हा ‘त’ लावा. पडताळाही तितकाच आटोपशीर आहे. उत्तरावर ‘ड’ लावला की बाहेरचा ‘त’ गळतो. उरलेल्यावर पुन्हा ‘ड’ लावला की नियमित भागाचे शून्य होते आणि भार परत येतो. कडेवर शून्य का? कारण ‘क’ने दिलेले फलन हे कडेवर शून्य असलेल्या फलनाचेच ‘ड’ आहे, आणि ‘त’ ते जसेच्या तसे परत देतो. हे सूत्र गोलासाठी जितके खरे तितकेच घनासाठी आणि नदीकाठच्या वेड्यावाकड्या आकारासाठी. दोन मितींतल्या कुठल्याही ठरावीक युक्तीपेक्षा मला ते अधिक सुंदर वाटते.

ही पद्धत घडवण्याचे मोठे श्रेय क्लाउस ग्युर्लेबेक आणि वोल्फगांग श्प्रोसिश यांचे. एलिप्टिक सीमामूल्य प्रश्नांवरचा त्यांचा ग्रंथ १९८९-९० मध्ये आला आणि अभियंते-भौतिकविदांसाठीचा १९९७ मध्ये. श्प्रोसिश यांनी ज्या फ्रायबेर्गमध्ये काम केले तिथले विद्यापीठ १७६५ मध्ये खाणकामाची अकादमी म्हणून स्थापन झाले होते. खडकाचे प्रश्न तिथे परके नव्हते. या दोघांनी हीच रीत स्टोक्सच्या संथ प्रवाहाला लावली, आणि नाव्हिए-स्टोक्स समीकरणांच्या स्थिर रूपालाही लावली. तिथे उत्तराकडे पायरीपायरीने जावे लागते आणि भार पुरेसा लहान असावा लागतो. ही अट विसरून चालत नाही. भरती-ओहोटीने घुसळणारी ठाणे खाडी या अटीत बसत नाही, आणि खाडीच्या प्रवाहासाठी कोणी क्वाटर्नियनांची शिफारस केली तर ती मान्य करू नये.

खडकाच्या बाबतीत मात्र गोष्ट फार जुळून येते. सदिश सरकणीवर ‘ड’ लावला की वास्तव भागात आकारमानाचा बदल येतो आणि सदिश भागात स्थानिक फिरणे येते. या दोन भागांना पदार्थाच्या दोन वेगळ्या स्थिरांकांनी गुणा आणि पुन्हा ‘ड’ लावा. लामेचे स्थितिस्थापकतेचे समीकरण पूर्ण तयार. दाबणे आणि मुरडणे यांना खडक वेगवेगळा विरोध करतो, आणि क्वाटर्नियनांची रचना ते दोन विरोध आपोआप वेगळे करून दाखवते. सदिशांची नेहमीची भाषा हे लपवते असे नाही, पण दाखवतही नाही. मॅक्सवेल यांनी १८७३ च्या ग्रंथात क्वाटर्नियन मांडणी जवळ केली होती. पुढे हेविसाइड आणि गिब्ज यांनी तिचे तुकडे करून आजचे सदिश विश्लेषण बनवले. हिशेब सोपा झाला, पण वास्तव आणि सदिश भाग एकाच संख्येत राहण्याचा फायदा गेला.

आता न मिळालेल्या अर्ध्या वारशाकडे. पहिला तोटा सर्वांत मोठा आहे. लिउव्हील यांनी १८५० मध्ये सिद्ध केले की तीन मितींत कोन राखणारी रूपांतरे म्हणजे सरकवणे, फिरवणे, लहान-मोठे करणे, परावर्तन आणि व्युत्क्रमण, आणि त्यांची मिश्रणे. बस्स. गोलाचा गोल होईल किंवा प्रतल होईल. बंधाऱ्याच्या टोकाचा सपाट अर्धअवकाश कधीच होणार नाही. खोसला यांचे मुख्य हत्यार इथे आणताच येत नाही, आणि क्वाटर्नियनांची कितीही हुशारी हे बदलू शकत नाही.

दुसरा तोटा बीजगणितातला. स्थानदर्शक सदिश स्वतःच नियमित नाही. त्यावर ‘ड’ लावला की उणे तीन येते. दोन नियमित फलनांचा गुणाकार सहसा नियमित नसतो. विकलजाची व्याख्या संमिश्र संख्यांसारखी भागाकाराच्या मर्यादेने केली तर फक्त एकघाती फलने उरतात. म्हणून घातश्रेणी थेट लिहिता येत नाही. फ्युटर यांनी वेगळी चले घेऊन त्यांचे सममित गुणाकार वापरले. २००६-०७ मध्ये जेंटिली आणि स्ट्रुप्पा यांनी नियमितपणाची वेगळी व्याख्या दिली; तिच्यात क्वाटर्नियनांचे घात सुखाने नांदतात, पण त्या फलनांचे घटक लाप्लासचे समीकरण थेट पाळत नाहीत. सीमामूल्य प्रश्नांच्या माणसाला त्यामुळे तिचा उपयोग आडवळणाने होतो.

तिसरी अडचण त्या सुंदर सूत्राच्या पोटातच आहे. ‘क’ काढायला ‘प’ हवा, आणि ‘प’ क्षेत्राच्या आकारावर अवलंबून असतो. गोलासाठी तो हाताने लिहिता येतो. इतर आकारांसाठी पृष्ठावरच्या एका ऑपरेटरचा व्यस्त काढावा लागतो, आणि ते काम मूळ प्रश्नाइतकेच जड असते. म्हणजे सूत्राने कष्ट नाहीसे होत नाहीत. सगळे कष्ट एका जागी, तेही पृष्ठावर, गोळा होतात. उत्तर अस्तित्वात आहे, एकच आहे आणि भारात थोडा बदल केल्यास थोडेच बदलते, हे सिद्ध करायला एवढे पुरते. आकडा हवा असेल तर संगणकाकडे जावेच लागते.

मग प्रत्यक्षात बोगद्याच्या रचनाकाराने काय करावे? फायनाइट एलिमेंट पद्धत वापरावी, तो वापरतोच. पारसिकच्या डोंगरातला बेसाल्ट सांध्यांनी चिरलेला असतो, थराथराला पोत बदलतो, आणि सारख्या पोताचा स्थितिस्थापक पदार्थ हे गृहीतक तिथे फार ताणता येत नाही. क्वाटर्नियन विश्लेषणाने ही पद्धत मोडीत काढली असा दावा कोणी केला तर तो फोल आहे. पण फायनाइट एलिमेंटच्या आज्ञावलीने दिलेला तोंडाजवळचा आकडा बरोबर आहे हे कशावरून ठरवायचे? त्यासाठी अचूक त्रिमितीय उत्तरे हवीत, आणि ती फार थोडी आहेत. इथे या विषयाचे खरे काम सुरू होते.

वायमारच्या बाउहाउस विद्यापीठात सेबास्टियन बॉक आणि ग्युर्लेबेक यांनी २००९ मध्ये कोलोसोव्ह-मुस्खेलिश्विली सूत्रांचे अवकाशातले रूप दिले. २०१४ मध्ये वाइस-पात्रो यांच्यासह त्यांनी क्वाटर्नियन विभवांवर आधारलेली त्रिमितीय स्थितिस्थापकता मांडली. हे मला या क्षेत्रातले सर्वांत महत्त्वाचे वळण वाटते, कारण बोगद्याच्या भिंतीवर सरकणे शून्य नसते, ताण दिलेला असतो. ‘त-क-त’ सूत्र जशाच्या तशा रूपात अशा अटीसाठी नाही. तिथे एकमेकांना लंब असलेल्या नियमित बहुपदींच्या श्रेणी कामी येतात.

इतरत्र काय झाले ते थोडक्यात. गेंटमध्ये ब्राक्स, डेलांघ आणि सोमेन यांनी १९८२ च्या ग्रंथात हा विचार क्लिफर्ड बीजगणितांतून कितीही मितींपर्यंत नेला. मेक्सिकोत क्रावचेंको आणि शापिरो यांनी ठरावीक वारंवारतेच्या विद्युतचुंबकीय लहरींसाठी ‘ड’मध्ये एक स्थिरांक मिळवून तीच यंत्रणा चालवली. केंब्रिजचे फोकस, ज्यांनी १९९७ मध्ये सीमामूल्य प्रश्नांसाठी एकत्रित रूपांतराची पद्धत सुरू केली, त्यांनी पिनोत्सिस यांच्याबरोबर २००७ मध्ये क्वाटर्नियन वापरून काही अवघड संकलने आणि सीमामूल्य प्रश्न हाताळले. फोकस यांच्या पद्धतीचे बळ प्रतलात आहे. तिसऱ्या मितीत ती अजून तेवढी मोकळी चालत नाही, असे माझे मत.

पवईच्या आयआयटीत, मुंबई विद्यापीठाच्या ठाणे वा कल्याण उपकेंद्रात, किंवा डोंबिवलीतल्या एखाद्या महाविद्यालयात कोणाला हा विषय हाती घ्यायचा असेल तर करण्याजोगे काम समोर आहे. बोगद्याचे तोंड लांबट लंबगोलाभाच्या टोकासारखे धरता येते, आणि अशा लंबगोलाभांसाठी नियमित फलनांचे लंब संच जुआंव मोराइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केले आहेत. लंबगोलाभाची लांबी वाढवत न्या : गोलाशी ताण दुपटीजवळ, अतिलांब दंडगोलाशी तिप्पट. मधला प्रवास कसा होतो, आणि दीड-दोन व्यासांचा तो कामचलाऊ नियम त्यात कुठे बसतो, हे बोगदा कुठल्या खडकात आहे याच्या स्थिरांकासह काढता येईल. हे एका चांगल्या प्रबंधाचे काम आहे.

त्यापुढचे काम अधिक अवघड. घणसोलीजवळ जोडबोगदा मुख्य बोगद्याला मिळतो तसे दोन दंडगोल जिथे एकमेकांना छेदतात, तिथे कुठलीही एक निर्देशक पद्धत दोन्ही भिंतींवर नीट बसत नाही आणि लंब श्रेणीची सोय जाते. छेदाच्या धारेवर नियमित फलनही किती तीव्रतेने फुगते हे आधी कोनावरून काढावे लागेल, मग पृष्ठावरचा तो ऑपरेटर संगणकावर त्या धारेची काळजी घेत उलटावा लागेल.